अंगणातील मोटार

प्रस्तावना

मुलगा सोळा-सतरा वर्षांचा झाला, की त्याचे मन कोठे ना कोठे गुंतते. कोणाचे क्रिकेटमध्ये, कोणाचे तालमीत, कोणाचे गाण्यात. काही मुलांचे मन मात्र इतरांनी केव्हाच टाकून दिलेल्या वस्तूत गुंतते. बंद पडलेली जुनी मोटार मिळवायची, ती सुटी करायची, सडलेले भाग बदलायचे आणि महिनोन्‌महिने खपून ती पुन्हा चालती करायची, हा असाच एक छंद आहे. तरुण मुले अशा गाडीला ‘प्रोजेक्ट कार’ म्हणतात. घरातील वडीलधारी माणसे तिला ‘भंगार’ म्हणतात. गाडी एकच असते.

प्रस्तुत पाठात कोल्हापुरातील एका घराची हकिगत सांगितली आहे. हे घर कल्पित आहे. त्यात आलेली गाडी, बाजार, कायदे आणि कामाच्या रीती मात्र प्रत्यक्षातील आहेत. पाठ वाचताना वडिलांचे म्हणणे कोठे पटते आणि मुलाचे कोठे, याच्या खुणा आपण समासात करीत जाव्यात.

मूळ पाठ

कोल्हापूर हे यंत्रांवर जीव असलेले शहर आहे. दसऱ्याच्या दिवशी छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक गाडी दसरा चौकात येते, तेव्हा सोने लुटायला जमलेल्या माणसांच्या नजरा त्या गाडीवर खिळतात. शिवाजी उद्यमनगरातील लहान-लहान कारखान्यांत ओतकाम व लेथकाम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. एखादा सुटा भाग बाजारात मिळेनासा झाला, तर ‘नमुना आणा, करून देतो’ असे म्हणणारा कारागीर येथे आजही भेटतो.

या उद्यमनगरापासून जवळच ते घर होते. वडील एका पतसंस्थेत लेखनिक होते. आई घरी शिवणकाम करी. मुलाने दहावीची परीक्षा कशीबशी पार केली होती आणि वडिलांच्या इच्छेनुसार वाणिज्य शाखेत प्रवेश घेतला होता. पहाटे तो घरोघर वर्तमानपत्रे टाकीत असे.

२०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून प्रीमियर पद्मिनी टॅक्सी कायमची निवृत्त झाली. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची वयोमर्यादा आहे आणि शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २००३ सालची होती. वर्तमानपत्रांत तिची छायाचित्रे छापून आली. मुलाने ते पान जपून ठेवले. पुढच्याच महिन्यात शहराबाहेरील एका गोठ्यात, कडब्याच्या पेंढ्यांखाली, त्याला १९८६ सालची एक पद्मिनी दिसली. चारही टायर बसलेले, दिव्यात चिमणीचे घरटे, तळाचा पत्रा जागोजागी सडलेला. गोठ्याच्या मालकाने किंमत सांगितली ३५,००० रुपये. मुलाजवळ वर्तमानपत्रांच्या कामातून साठवलेले ११,००० रुपये होते.

ही गाडी मुळात इटलीतील फियाट कंपनीच्या ११०० या मोटारीचे भारतीय रूप. मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यात प्रीमियर ऑटोमोबाइल्सने ती बनवली आणि १९७४ पासून ती ‘पद्मिनी’ या नावाने ओळखली जाऊ लागली. तिचे इंजिन चार सिलिंडरचे, १०८९ घन सेंटिमीटरचे; गिअरचा दांडा स्टिअरिंगजवळ. आजच्या गाडीचे बॉनेट उघडले, तर झाकणाखाली आणखी झाकण दिसते आणि बिघाड शोधायला संगणक लागतो. पद्मिनीचे तसे नाही. पेट्रोल कोठून येते, ठिणगी कोठे पडते, पाणी कोठून फिरते, हे सारे डोळ्यांना दिसते आणि बहुतेक भागांपर्यंत हात पोहोचतो. जुन्या गाड्यांकडे मुले का ओढली जातात, याचे उत्तर पुष्कळदा एवढेच असते. शाळेत ज्याला ‘तुला काही समजत नाही’ असे ऐकावे लागले, त्याच्यासमोर एक अशी वस्तू येते, जी समजू शकते.

वडिलांनी मात्र ऐकताक्षणी नकार दिला. त्यांची कारणे क्षुल्लक नव्हती. पैसा नव्हता. बारावीचे वर्ष तोंडावर होते. अंगण सामाईक होते आणि शेजारी कुरकुर करणार, हे ठरलेलेच होते. शिवाय जुन्या गाडीला लागणारा खर्च कधीही सांगितल्याइतका राहत नाही, हे पतसंस्थेत कर्जाचे अर्ज पाहणाऱ्या माणसाला कोणी शिकवण्याची गरज नव्हती. “भंगारात पैसे घालायचे, मग ते भंगार सांभाळायलाही पैसे घालायचे,” ते म्हणाले. मुलगा उत्तर न देता उठून गेला आणि पुढचे पंधरा दिवस त्या घरात जेवणाच्या वेळी फक्त ताटांचा आवाज झाला.

गल्लीत एक निवृत्त मेस्त्री राहत होते. मुलगा त्यांच्याकडे बसे. त्यांनी मुलाची बाजू घेऊन वडिलांना लक्ष्मणराव किर्लोस्करांचे उदाहरण दिले. लक्ष्मणरावांना (१८६९–१९५६) चित्रकला शिकायची होती. वडिलांची त्याला संमती नव्हती. थोरले बंधू रामूअण्णा पाठीशी उभे राहिले, म्हणून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत जाऊ शकले. रंग ओळखण्यातील दोषामुळे पुढे चित्रकला सोडावी लागली, तरी यांत्रिक रेखाटन हाती आले. बेळगावात सायकलींचे दुकान, मग लोखंडी नांगर आणि १९१० साली किर्लोस्करवाडी, असा तो प्रवास झाला.

“मेस्त्री, प्रत्येक पंक्चर काढणारा किर्लोस्कर होत नाही,” वडील म्हणाले.

वडिलांचे हे म्हणणे खरे होते. थोर माणसांची उदाहरणे देऊन पालकांना निरुत्तर करणे सोपे असते. पण ज्या शेकडो मुलांचा छंद अर्धवट गाडीसह अंगणात गंजून गेला, त्यांची चरित्रे कोणी लिहीत नाही. मात्र मेस्त्रींच्या गोष्टीतील एक पात्र वडिलांच्या नजरेतून निसटले होते, ते म्हणजे रामूअण्णा. धाकट्या भावाचे पुढे काय होणार, हे त्यांनाही ठाऊक नव्हते.

कोंडी फोडली ती आईने. वडिलांच्या नकाराचे खरे कारण पैसा नव्हे, हे तिला माहीत होते. मुलाचे आजोबा उद्यमनगरातील एका फाउंड्रीत ओतारी होते. वितळलेल्या लोखंडाच्या ठिणग्यांनी त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत डागलेले होते. ‘माझ्या पोराचे हात काळे होणार नाहीत’ हा त्यांचा ध्यास होता आणि मुलाला त्यांनी बी.कॉम. करून खुर्चीवर बसवले होते. आता नातू स्वतःहून वंगणात हात घालू पाहत होता. वडिलांना तो एका पिढीची कमाई पुसून टाकतो आहे, असे वाटत होते.

एका रात्री शिवणयंत्र थांबवून आई म्हणाली, “मामंजींचे हात काळे होते म्हणून तुम्हांला लाज वाटते का?”

“लाज नाही. भीती वाटते.”

“मग त्याला भीती सांगा. भंगार म्हणू नका.”

दुसऱ्या दिवशी वडिलांनी मुलाला आजोबांची सारी हकिगत सांगितली. मुलाने ती प्रथमच ऐकली.

पाठगत प्रश्न : वडिलांनी नकाराची जी कारणे मुलाला सांगितली आणि जे कारण मनात ठेवले, त्यांत काय फरक आहे? मनातले कारण आधीच सांगितले असते, तर पुढचे पंधरा दिवस वेगळे गेले असते का?

यानंतर जे ठरले ते तहासारखे होते. गाडीच्या किमतीत मुलाचे ११,००० आणि उरलेले वडिलांचे. परंतु पुढचा प्रत्येक सुटा भाग मुलाने आपल्या कमाईतून घ्यायचा. पैसे संपले तर काम थांबेल, उसनवारी होणार नाही. परीक्षेपूर्वीचे दोन महिने गाडीवर आच्छादन राहील. अठरा वर्षे पूर्ण होऊन परवाना मिळेपर्यंत मुलगा ती रस्त्यावर नेणार नाही. शेवटची अट हिशेबनिसाला शोभेल अशी होती : जो भाग खोलायचा, त्याचे चित्र आधी वहीत काढायचे, नावे लिहायची आणि मगच पाना लावायचा. मुलाला ती अट जाचक वाटली. मेस्त्रींनी मात्र मान डोलावली. खोललेली गाडी जोडताना हातात चार बोल्ट उरतात तेव्हा काय होते, हे त्यांनी आयुष्यभर पाहिले होते.

मग गाडी घेतली का? लगेच नाही. वडील प्रथम गोठ्याच्या मालकाकडे नोंदणीपुस्तक मागायला गेले. चासीवर कोरलेला क्रमांक आणि पुस्तकातील क्रमांक त्यांनी स्वतः, भिंगातून, ताडून पाहिला. जुन्या गाडीत इंजिन बिघडलेले चालते. कागद बिघडलेले चालत नाहीत. आपल्या देशात खासगी मोटारीची नोंदणी प्रथम १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर गाडीची तपासणी होऊन ती ५-५ वर्षांसाठी वाढवून मिळते. या गाडीची मुदत केव्हाच संपली होती. १ एप्रिल २०२२ पासून अशा नूतनीकरणाचे शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झाले होते. वडिलांनी तो आकडा वहीच्या पहिल्याच पानावर लिहिला. त्याशिवाय पर्यावरण कर, विमा आणि प्रदूषण तपासणीचे प्रमाणपत्र होतेच.

मुलाने कोठेतरी ऐकले होते, की जुन्या गाड्यांना सरकार खास क्रमांक देते. ते खरे आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ‘व्हिंटेज’ गाड्यांसाठी ‘व्हीए’ ही अक्षरे असलेली वेगळी मालिका आहे. परंतु त्यासाठी गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात असावी लागते. शिवाय ती रोजच्या वापरासाठी नसते. १९८६ च्या पद्मिनीला त्यासाठी २०३६ पर्यंत थांबावे लागणार होते. तिचा मूळ दुधी रंग बदलून गडद लाल करावा आणि दुसऱ्या गाडीचे मोठे इंजिन बसवावे, अशीही मुलाची स्वप्ने होती. रंग बदलला तर नोंदणीपुस्तकात तशी नोंद करून घ्यावी लागते. इंजिन बदलायला तर आधी परवानगी लागते. हे कळल्यावर लाल रंग काही दिवस टिकला, मोठे इंजिन लगेच मावळले.

२०२४ च्या उन्हाळ्यात, परीक्षा संपल्यावर, काम सुरू झाले. नवख्या माणसाला प्रथम रंगाची घाई असते. मेस्त्रींनी त्याला रंगाच्या डब्याकडे पाहूही दिले नाही. त्यांचा क्रम ठरलेला होता : आधी थांबणे, मग चालणे, मग दिसणे. म्हणून पहिले पैसे गेले ब्रेकच्या सिलिंडरमधील रबरांवर. जुन्या ब्रेकच्या पट्ट्यांत ॲस्बेस्टॉस असू शकते. म्हणून ड्रममधील धूळ फुंकर मारून उडवायची नाही, तोंडाला फडके बांधून ओल्या कापडाने टिपायची, हेही त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले. पेट्रोलच्या टाकीतून अर्धी बादली गंज निघाला. तोच गंज कार्बोरेटरच्या बारीक छिद्रांत जाऊन बसला होता. ठिणगी पाडणाऱ्या ‘पॉइंट’मधील फट सुमारे ०.४ मिलिमीटर ठेवावी लागते. ती मोजायला फिलर गेजची पाती लागतात. दशांश अपूर्णांकांना भिणारा हा मुलगा एका रविवारी आईला सांगत होता, की ०.४ आणि ०.४५ यांत किती जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

सुटे भाग शोधणे हे वेगळेच शिक्षण होते. प्रत्येक मोठ्या शहरात जुन्या गाड्यांच्या अवयवांचा एक बाजार असतो. मुंबईत कुर्ला, दिल्लीत मायापुरी, कोलकात्यात मलिक बाजार, चेन्नईत पुदुपेट, पुण्यात जुना बाजार. तेथे भाव करताना ज्याला भागाचे नाव ठाऊक नसते, त्याला दुप्पट किंमत सांगितली जाते. दाराची एक कडी मात्र कोठेच मिळाली नाही. ती अखेर उद्यमनगरात नमुन्यावरून ओतून घेतली. ओतणाऱ्या वृद्ध कारागिराने मुलाचे आडनाव विचारले आणि मजुरी घेतली नाही. तो आजोबांच्या हाताखाली शिकलेला होता.

सप्टेंबरमधील एका शनिवारी वडील लवकर घरी आले. गाडीखालून मुलाचे दोन पाय बाहेर आले होते. गाडी एका जॅकवर उचललेली होती आणि जॅकखाली दोन विटा होत्या.

वडील ओरडले नाहीत. ओरडले असते तर मुलगा दचकला असता आणि गाडीला धक्का लागला असता. त्यांनी शांतपणे सांगितले, “जरा बाहेर ये. आईने बोलावले आहे.” मुलगा बाहेर आला, तेव्हा वडील पायरीवर बसले होते आणि त्यांच्या हाताला कंप सुटला होता. जॅक हे गाडी उचलण्याचे साधन आहे, तिला तोलून धरण्याचे नव्हे. गाडीखाली शिरायचे असेल, तर सपाट व कठीण जमिनीवर, वजन पेलणाऱ्या पोलादी घोड्या दोन्ही बाजूंना लावाव्याच लागतात. वीट कोणतीही सूचना न देता फुटते. त्या संध्याकाळी वडिलांनी वहीतील ‘खर्च मुलाचा’ हा नियम पहिल्यांदा मोडला आणि दोन घोड्या विकत आणल्या. हिशेबात त्या ‘घरखर्च’ या सदरात गेल्या. छंदासाठी मुलाला काटकसर शिकवावी, हे योग्यच. पण सुरक्षिततेच्या साधनांत काटकसर करायला लावणारा नियम मुळातच चुकलेला असतो. वडिलांना हे त्या विटांनी शिकवले.

२०२५ च्या फेब्रुवारीत इंजिन सुरू झाले. पहिल्या दहा-बारा वेळा सेल्फ नुसताच कण्हला. मग एक मोठा आवाज, काळा धूर आणि त्यानंतर एका लयीत थरथर. शेजारी बाहेर आले. कुरकुरणारे आजोबाही आले आणि आपल्या लग्नाची वरात पद्मिनीतून निघाली होती, हे सांगू लागले. रात्री थंडी असल्याने मुलाला पत्र्याच्या शेडचे दार लावून इंजिन चालवून पाहायचे होते. मेस्त्रींनी दार सताड उघडे ठेवायला लावले. इंजिनाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. बंद जागेत माणूस झोपल्यासारखा होतो आणि उठत नाही.

येथपर्यंत सारे गोड होते. कठीण काळ त्यानंतरच सुरू झाला. गाडी चालू, मुलगा सतरा वर्षांचा आणि वाढदिवस डिसेंबरात. मित्र विचारू लागले. “फक्त रंकाळ्यापर्यंत. रात्री अकरानंतर. रस्ता मोकळा असतो,” मुलगा म्हणाला. वडिलांनी त्याला कायदा वाचून दाखवला. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली घातलेल्या कलम १९९-अ नुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो : ३ वर्षांपर्यंत कारावास आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द आणि मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत परवाना नाही. मुलगा म्हणाला, “म्हणजे तुम्हांला तुरुंगाची भीती आहे.” हे बोलणे अन्यायाचे होते, पण सतराव्या वर्षी माणूस असे बोलतो. वडिलांनी वाद वाढवला नाही. किल्लीही काढून घेतली नाही. किल्ली मागितली असती, तर दीड वर्षाचा तह त्याच दिवशी संपला असता.

ऑगस्टमध्ये २० वर्षांहून जुन्या मोटारींच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क १०,००० रुपये झाल्याची बातमी आली. वहीतील पहिल्या पानावरचा ५,००० चा आकडा खोडला गेला. मुलाने त्या रात्री तोंड वाकडे केले. पण दुसऱ्या दिवसापासून वर्तमानपत्रांची आणखी एक गल्ली घेतली.

गणेशोत्सवातील एका रात्री, देखावे पाहायला गेलेली गर्दी पांगल्यावर, मुलगा अंगणात उतरला. दोन मित्र कोपऱ्यावर थांबले होते. त्याने किल्ली फिरवली. सेल्फ फिरला, इंजिन लागले नाही. पेट्रोल होते. बॅटरी भरलेली होती. त्याने बॉनेट उघडले, विजेरीच्या प्रकाशात तारा तपासल्या आणि शेवटी डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढले. आतला रोटर जागेवर नव्हता. बोटाच्या दोन पेरांएवढा तो बेकेलाइटचा तुकडा. पण तो नसेल, तर ठिणगी एकाही प्लगपर्यंत पोहोचत नाही. मित्र हसत निघून गेले.

तक्रार करावी तर चोरी कबूल करावी लागली असती. मुलगा दोन दिवस गप्प राहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी वडील चहा घेत होते. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात, पेनाशेजारी, काहीतरी तपकिरी दिसत होते.

“बाबा,” मुलगा म्हणाला, “रोटर कुठं असतो, हे तुम्हांला कसं कळलं?”

वडिलांनी बशी खाली ठेवली. “तुझ्या वहीत. पान बावीस. चित्र चांगलं काढलं आहेस.”

स्वाध्याय

१. ‘वडील ओरडले नाहीत.’ त्या क्षणी ओरडणे आणि न ओरडणे यांचे परिणाम कसे वेगळे झाले असते, ते पाच-सहा वाक्यांत लिहा.

२. घोड्यांचा खर्च वडिलांनी ‘घरखर्च’ या सदरात का लिहिला असावा?

३. आजोबांची इच्छा नातवाने मोडली, असे आपणांस वाटते का? आपले मत सकारण मांडा.

४. पुढील शब्द आपल्या परिसरातील गॅरेजमध्ये कोणत्या नावांनी ओळखले जातात, ते तेथील कारागिराला विचारून लिहा : पाना, घोडी, सेल्फ, पॉइंट.

५. तिसऱ्या दिवशीच्या त्या चहानंतर बाप-लेकांत जे बोलणे झाले असेल, ते संवादरूपाने लिहा.